आईच्या आधी जन्मलेलं पॅकेज

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे जकातवाली. तिला दोन्ही ऐकू यायचं. त्याआधी अकरा वर्षं तिने औषधांच्या कारखान्यात खोक्यांवरच्या तारखा तपासल्या. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा धाकट्या बहिणीने घरातला जुना कॉम्प्युटर पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "रडायचं तर याच्यापुढे बसून रड." ती बसली, रडली नाही, शिकली. आता सॉफ्टवेअरचं पॅकेज बाहेर जाण्याआधी त्याच्यावरची चिठ्ठी आपोआप तपासणारे नियम ती लिहायची. कोणी बांधलं, कुठल्या मशीनवर, कुठल्या कोडवरून, किती वाजता. आतलं तिला फारसं कळत नसे, आणि ते सांगायला ती लाजतही नसे. ज्यांना आतलं कळतं ते बाहेरचं कधी वाचतात?

त्या दिवशी दुपारी एक पॅकेज अडकलं. दवाखान्यांत पेशंटच्या औषधांच्या वेळा दाखवणारं. जुन्यात एकच डोस दोनदा दिसत होता, म्हणून दुरुस्त केलेलं नवं चारला जायचं होतं. नियमाने लाल पाटी लावली. पॅकेज बांधलं बारा दहाला, आणि ज्या कोडवरून बांधलं तो लिहिला बारा एकवीसला.

ती चक्रावली. लेकरू आधी, आई मागून?

घड्याळ चुकलं असेल म्हणून तिने दोन्ही मशीनची वेळ पाहिली. फरक नाही. मग आपणच नियम उलटा लिहिला की काय म्हणून ओळीवर बोट ठेवून वाचला. तिसऱ्यांदा वाचताना आधी कुठलं नि नंतर कुठलं तेही कळेना. कालची पॅकेजेस त्यातून चालवली, तर ती निमूट पार झाली.

साहेब आले. "ताई, दवाखानेवाले डोक्यावर बसलेत. सोडून द्या."

"वेळ जुळत नाही, साहेब."

"अकरा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?"

"माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच अडवलंय."

पॅकेज बांधणारा इंजिनियर खुर्ची फिरवून हसला. "ताई, मी स्वतः चालवून पाहिलंय. तुमचा नियमच जरा जास्त शहाणा झालाय."

सगळे हसले. तिची कानशिलं तापली. शिवी ओठांवर आली ती तिने गिळली, कारण कोण जाणे, पोरगा खरंही बोलत असेल.

नियम डावलून सोडायची सोय होती. एक पान उघडायचं, त्यात एकच रिकामी जागा : सोडणाऱ्याचं नाव. तिने ते उघडलं आणि कीबोर्ड साहेबांकडे सरकवला.

"टाका नाव."

"माझं कशाला? काम तुमचं आहे."

"माझं काम अडवायचं. सोडा म्हणताय तुम्ही."

साहेबांनी इंजिनियरकडे पाहिलं. "तू टाक रे. तूच बांधलंयस."

"टाकतो की." तो येऊन बसला. दोन अक्षरं टाकली आणि थांबला. "एक मिनिट. एकदा बघतो."

छाती ठोकणारा माणूस सही करायची वेळ आली की वाचायला लागतो, हे तिने कारखान्यातही पाहिलं होतं.

बऱ्याच वेळाने तो मान वर न करता म्हणाला, "पॅकेज बांधून झाल्यावर मी एक ओळ बदलली. कोडच्या त्याच आवृत्तीच्या नंबराखाली ठेवली. परत बांधायचं राहिलं."

"कुठली ओळ?" साहेबांनी विचारलं.

"डोस दोनदा दिसायचा, ती. मी चालवलं ते माझ्या मशीनवरचं होतं, पॅकेजमधलं नव्हे."

तो परत बांधायला बसला.

साडेतीनला नवं पॅकेज आलं. पाटी हिरवी. "झालं समाधान?" साहेब म्हणाले.

तिचं कुठलं व्हायला? उलट गोंधळ वाढला होता. त्याने ओळ चुकीची लिहून मग बांधलं असतं, तरी वेळा जुळल्याच असत्या आणि पाटी हिरवीच लागली असती. मग आज नियमाने पकडलं काय, चूक की नुसती घाई? हिरवं म्हणजे बरोबर, हे तिनेच सगळ्यांना पटवलं होतं. आता तिलाच पटेना.

"आत बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"हो, ताई."

मघाशीही तो हो म्हणाला होता. "तुझ्या मशीनवरचं नको. हेच पॅकेज इथे, माझ्यासमोर उघड."

त्याने उघडलं. पेशंटचं नाव, गोळी, सकाळची वेळ. डोस एकदाच दिसत होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"आता दुसरा पेशंट दाखव."