चादरीत बांधलेला सीपीयू

अंबाजोगाईच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी एक बाई चादरीत बांधलेला सीपीयू मांडीवर घेऊन बसली होती. घाटनांदूरला घरी बसून ती लग्नपत्रिका टाईप करायची.

"मावशी, विंडोज जुनी झाली. नवी टाका, नाहीतर व्हायरस येईल," दुकानदार म्हणाला.

"माजे जुने फाँट चालतेल का?"

"सांगता येत नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या. नेटच काढून टाकते. दारच न्हाई, तर चोर येतो कुठून?"

"सगळे नवीच टाकतात."

"टाकू द्या. तुमच्या लेकीची पत्रिका याच्यावरच केली, तवा लई चांगला होता!"

चादरीची गाठ आवळून ती निघाली.

आमच्या संगणकात नवी विंडोज टाका, असं मी आधीच सांगून बसलो होतो. तो वापरते बायको, आणि तिला मी विचारलंही नव्हतं. मला लाज वाटली. मीही आमचा सीपीयू उचलला.

"तुम्ही पण?" दुकानदार हसला.

"हो, मी पण. आधी बायकोला विचारतो."