दत्तारामची ओली फिल्म

बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या त्या छोट्या दवाखान्यात एक्सरे काढणारा दत्ताराम स्वतःहून दोन शब्द बोलेल तर शपथ! मूळचा रत्नागिरीकडचा, अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुण्यात वीस वर्षं गेलेली. २००४ साली नीलिमा तिथे डॉक्टर म्हणून लागली, तेव्हा तिची डिग्री अगदी कोरी करकरीत होती.

पहिल्याच आठवड्यात पालीच्या कोळीवाड्यातून अनसूया आली. होडीतून उतरताना हातावर पडली होती. मनगट सुजलेलं, पण बाईचं एकच पालुपद. "उद्या मासळीच्या टोपल्या उचलाया जमंल का न्हाय, तेवढं सांगा. घरात हातपाय हलवनारी मी एकलीच हाय."

दत्तारामने फिल्म तशीच ठिबकत आणली. केसपेपरवर पाणी सांडलं.

"अहो, वाळवून आणायची काही पद्धत?" नीलिमा करवादली. त्याने फिल्म पुढे केली.

उजेडाच्या पेटीवर लावून तिने फिल्म बघितली. हाडं कशी शिस्तीत, कुठे तडा म्हणून नाही. "फ्रॅक्चर नाही हो मावशी. पट्टी बांधते, उद्यापासून खुशाल कामाला लागा."

पट्टी बांधून झाल्यावर अनसूया हसत दारापर्यंत गेली. दत्ताराम मात्र जागचा हलेना.

"आता काय?"

"मॅडम, हाड नका बघू. हाडाच्या बाजूला बघा."

मनगटाच्या बाजूने काढलेल्या फोटोत हाडालगत चरबीची बारीक काळी रेघ असते. एरवी सरळ असणारी ती रेघ इथे फुगून पुढे आली होती. हाडाला न दिसणारी भेग जाऊन आत रक्त साचलं की ती अशी ढकलली जाते. नीलिमाने हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते आणि आता समोर असून दिसलं नव्हतं! ती दाराकडे धावली.

"मावशी, थांबा!"

प्लॅस्टर घालताना अनसूया रडली, दोघांना शिव्याही घातल्या. दहा दिवसांनी नव्या फोटोत हाडावर केसाएवढी भेग दिसली, नेमकी तिथेच. टोपली उचलली असती तर हाड सरकून हात वाकडा झाला असता. काय नजर म्हणायची ही! नीलिमा थक्क झाली.

"त्या दिवशी आधीच का नाही बोललात, दत्ताराम?"

"वाचायचं काम डॉक्टरांचं. शंका आली की मी ओलीच आणतो. वाळेपर्यंत पेशंट निघून रिक्षात बसतो ना. ओली आली की नीट बघायचं, हे तुमच्या आधीच्या डॉक्टरांना ठाऊक होतं."

दुसऱ्या दिवशी नीलिमाने घरून एक टॉवेल आणला आणि केसपेपर बाजूला सारून स्वतःच्या हाताने टेबलावर अंथरला.