बाभळीशी भांडणारे कोळसेमामा

कुऱ्हाड घालण्याआधी कोळसेमामा बाभळीशी हुज्जत घालायचे, आणि तीही मोठ्यानं. मोहोळकडच्या आमच्या शेतात ओढ्याकाठी बाभळबन होतं. दिवाळी सरली की हडकुळे, काळेभोर मामा मामींना घेऊन तिथं पाल ठोकायचे आणि लाकूड जाळून कोळसा करायची भट्टी लावायचे.

"तुझी चार पोती हुतील," ते झाडाला सांगायचे. "सोलापुरात शिंप्याची इस्तरी तापंल, आमची चूल पेटंल. पण तुझ्या सावलीत शेळ्या बसत्यात की! आता तूच सांग, काय करू?"

निम्म्या वेळा बाभूळच जिंकायची. मग मामी कावायच्या, "दयेवर भाकरी भाजत न्हाय, कोळशावर भाजती!"

पाणवठ्याजवळ सर्वांत जुनी बाभूळ होती. हिराबाई धनगरीण उन्हाळ्यात आपल्या शेळ्या तिथंच बसवायची. एका वर्षी सोलापूरच्या वखारवाल्यानं जास्त कोळसा मागितला. पोती वाहून वाहून मामींची मान वळेनाशी झाली होती, त्यामुळं मामांना गाढव घ्यायचं होतं. दोन दिवस ते त्या झाडाभोवती नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी एक शब्दही न बोलता त्यांनी ते तोडलं.

हिराबाई बुंध्याशी येऊन उभी राहिली. "मामा, लई वंगाळ केलंत."

"व्हय. शिव्या दे."

तिनं शिव्या दिल्या नाहीत. मामांना तेच लागलं. त्यांनी उरलेल्या झाडांच्या शेंगा गोळा करून तिच्या शेळ्यांना चारल्या आणि कळप मोकळ्या जागी बसवायला लावला. "बी शेळीच्या पोटातनं गेलं की झटक्यात उगवतंय," म्हणाले. गाव हसलं. पण पावसाळ्यात लेंड्यांतून रोपंच रोपं वर आली. "आता माज्या शेळ्यांपासनं ही राखायची कुणी?" हिराबाईनं विचारलं. तो सबंध हिवाळा मामा काठी घेऊन राखणीला बसले आणि भट्टी मामींनी सांभाळली, नव्या गाढवासकट.

तरी तीन वर्षांत तोडण्याजोगं झाड उरलं नाही. रोपं कंबरेएवढीच होती. मामा सोलापुरात एका गिरणीच्या बॉयलरवर लागले. मी तिथं कारकून होतो.

"पगार बरा हाय. मामी बसून खाती," पहिल्या भेटीत ते खुशीत म्हणाले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, तुमी शिकलेलं. ह्यो दगडी कोळसा येतो कुठनं?"

"लांबून, मामा. जमिनीखालून खणून काढतात."

"आन् त्या जमिनीवर कोण ऱ्हातं?"

मामा फावडं धरून उत्तराची वाट बघत राहिले. तेवढ्यात आतून हाक आली, आणि ते कोळसा टाकायला गेले.