नव्या मशीनच्या पोटातलं जुनं मशीन

ताप उतरला तेव्हा मी जिवंत होतो, पण बोलता येत नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागभीडच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, पस्तिशीही गाठली नव्हती. मेंदूपर्यंत गेलेल्या त्या तापाने हातपाय नेले, वाचा नेली. डोळे आणि उजव्या हाताचं एक बोट तेवढं माझ्या हुकमात राहिलं. ऐकू सगळं यायचं, समजायचंही सगळं. बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून आली की माझ्यापुढे बसून ती एकेक अक्षर म्हणायची आणि हवं ते अक्षर आलं की मी डोळे मिटायचो. पाठीला खाज सुटली आहे एवढं सांगायला अर्धी संध्याकाळ जायची. हळूहळू मी सांगणंच कमी केलं.

कॉलेजातला माझा एक मित्र चंद्रपुरात एका कारखान्यात इंजिनिअर होता. तो भेटायला आला, हा अक्षरांचा खेळ त्याने पाहिला आणि तसाच परत गेला. मला वाटलं, याला माझ्याकडे बघवलं नाही. काही महिन्यांनी तो अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने पुन्हा आला, तो सतरंजीत गुंडाळलेला एक कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. कारखान्याने मोडीत काढलेला तो त्याने मागून आणला होता आणि त्यावर माझ्यासाठी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता.

"चाल गा," तो म्हणाला, "आता भांडू."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या. एक उजळ चौकोन एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकत जायचा. माझ्या बोटाखाली त्याने दाराच्या घंटीचं बटण बांधलं, त्याची वायर कीबोर्डात जोडली. चौकोन हव्या अक्षरावर आला की मी बटण दाबायचं. देवनागरी त्या मशीनला येत नव्हती, म्हणून मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहायची. मी पहिल्यांदा लिहिलं, 'male chaha', म्हणजे 'मले चहा'. नर्सिंग इंग्रजीतून शिकलेली माझी बायको ते वाचून बुचकळ्यात पडली.

"मेल चहा? मेल म्हंजे पुरुष ना? पुरुषाचा चहा कोनता?"

मित्र हसता हसता खाली बसला. मीही हसलो. आवाज नव्हता, डोळ्यांनीच, पण हसलो.

प्रोग्राम सुरू केला की सगळ्यात आधी एकच ओळ यायची, 'बोल गा'. पुढची काही वर्षं मी खरंच बोललो. शाळेतली मुलं घरी येऊन भिंग आणि चुंबकाचे प्रश्न विचारायची, मी उत्तरं द्यायचो. बायकोशी भांडलोही. त्यात मी नेहमी हरायचो, कारण माझं एक वाक्य होईस्तोवर तिची दहा झालेली असायची.

मग मित्र गेला. कामावर असतानाच त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ही बातमी द्यायला त्याच्या हाताखाली काम करणारी एक तरुण इंजिनिअर आली. मूळची गोंडपिपरीकडची. बातमी सांगून झाल्यावरही ती उठेना. माझ्यापुढचा पडदा बघत राहिली. अक्षरं फिकट पडली होती, फ्लॉपी फिरताना मशीन कण्हायचं.

"सर नेहमी याच्याबद्दल सांगत," ती म्हणाली. "हे किती दिवस चालन, काही भरोसा नाई."

मित्राच्या आठवणीसाठी कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढून मला नागपूरहून नवा कॉम्प्युटर पाठवला. लख्ख पडदा, जुन्यापेक्षा कितीतरी ताकदीचा. ती इंजिनिअर तो जोडायला आली. सगळं झालं, पण मित्राचा प्रोग्राम त्यावर चालेचना.

"काऊन नाई चालत?" बायकोने विचारलं. "नवा तं जास्त हुशार आहे ना?"

"वहिनी, हुशार आहे, पण त्याची भाषाच येगळी. जुन्याची भाषा त्याले समजत नाई. आन् सरांनी मूळ प्रोग्राम कुठी लिहून ठेवला होता, ते कोनालेच माहीत नाई. मी नवा लिहून देतो, पण नोकरी सांभाळून काही महिने जातीन."

काही महिने. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटणं म्हणजे माझं हो, पण हे हो होतं की नाही, मलाच ठरवता येत नव्हतं. जुना मध्येच बंद पडला तर तेवढे दिवस पुन्हा मुका होणार होतो. तिला ते कळलं असावं. त्या दिवशी ती गेली, आणि पुढे एका रविवारी हातात एकच फ्लॉपी घेऊन आली. मुंबईच्या कोणा ओळखीच्याकडून तिने ती मागवली होती.

"याच्यात असा प्रोग्राम आहे," तिने समजावलं, "का तो नव्या मशीनच्या पोटात एक खोटं जुनं मशीन तयार करते. सरांच्या प्रोग्रामले वाटन, आपन आपल्याच घरी आहोत."

आज अशा सोयीला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तेव्हा आमच्याकडे त्याला नाव नव्हतं.

जुन्याची फ्लॉपी नव्याला वाचता येत नव्हती. तिने दोन्ही कॉम्प्युटर एका वायरने जोडले आणि जुन्यातून प्रोग्राम नव्यात पाठवायला सुरुवात केली. जुनं मशीन इतकं तापलं की बायको त्याला हातपंख्याने वारा घालत बसली. एरवी तो पंखा माझ्यासाठी असायचा. काम निम्म्यावर आलं आणि लाइन गेली. दुपारी लाइन आल्यावर जुनं मशीन सुरूच होईना. तिने झाकण उघडलं, आतली धूळ पुसली, सर्किटच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या. तेव्हा कुठे ते कण्हत जागं झालं. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला सगळं पार पडलं.

तिने बटणाची वायर नव्या कीबोर्डात जोडली आणि प्रोग्राम सुरू केला. लख्ख पडद्यावर ओळ उमटली, 'बोल गा'.

बायकोने पदराने तोंड दाबलं. ती इंजिनिअर खिडकीकडे वळून उभी राहिली. मला तर डोळे पुसायचीही सोय नव्हती, पाणी गालांवरून वाहू दिलं.

चौकोन सरकू लागला, पण फारच सावकाश. ती ओशाळली. "दुसऱ्याचं सोंग घेऊन चालते ना, म्हनून हळू होऊन राह्यलं. पाहतो मी, वेग वाढवता येते का ते."

पण माझं बोटही इतक्या वर्षांत थकत चाललं होतं. जुन्यावर निम्मी अक्षरं हुकायची. इथे मला प्रत्येक अक्षर सापडत होतं. मी लिहू लागलो आणि त्या दोघी पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

'राहू दे असंच. जेवून जा.'

ती हसली. खाली बसली. बायकोने भात टाकला, वांग्याची भाजी केली. जेवता जेवता संध्याकाळची गाडी निघून गेली, तशी ती मुक्कामालाच राहिली. दोघींच्या गप्पा रंगल्या, कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या, गोंडपिपरीच्या धानाच्या. मधूनच मलाही काही म्हणायचं असायचं. मी बटण दाबू लागलो की दोघी बोलणं थांबवायच्या आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघायच्या.