बबन डावीकडं म्हणाला होता

येडशीच्या फाट्यावर मी सात चाळीसला एस.टी.तून उतरलो. पाठीवर पिट्टू. त्यात दोन लिटर पाणी, चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मोज्यांचा जादा जोड आणि माझा कंपास. सतरा वर्षं पायदळात काढून मी हवालदार म्हणून घरी आलो. आता तामलवाडीत द्राक्षबाग बघतो, पण पिट्टू भरायची सवय गेलेली नाही.

दर डिसेंबरात, एकाच तारखेला, मी येडशीला येतो. रामलिंगाच्या जंगलाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. तिथं माझ्या सेक्शनमधल्या नायक बबनची आई राहते. अकरा वर्षांपूर्वी ह्याच तारखेला बबन गेला. मी तिला माय म्हणतो, ती मला म्हादू म्हणते. ती चहा करते, मी पितो आणि मग ती दरवर्षीचा एकच प्रश्न विचारते.

"म्हादू, माझं लेकरू वाट कसं चुकलं रं?"

फौजेकडून तिच्या घरी आलेल्या पत्रात तसंच लिहिलं होतं. खराब हवामानात वाट चुकल्यामुळे कड्यावरून पडून मृत्यू. माझं उत्तरही ठरलेलं असतं. "हवामान लई खराब होतं, माय." हे खोटं नाही. पण सगळं खरंही नाही. उरलेलं सांगायचं म्हणून मी अकरा वर्षं जातोय आणि चहा पिऊन परत येतोय. गोळीबारात मी कधी मागं सरलो नाही, त्या ओसरीवरून दरवर्षी सरतो.

या वर्षी ठरवून गेलो होतो. चहा झाला, प्रश्न आला, आणि माझ्या तोंडून निघालं, "माय, आज आधी बबनचा डोंगर चढून येतो. आल्यावर बोलू."

"एकटाच?"

"एकटाच."

"जा. म्या बी शेळ्या घिऊन वरच येणार हाय, पलीकडच्या अंगानं."

भित्र्या माणसाला ऐन वेळी फार कामं सुचतात.

हा डोंगर मला ऐकून पाठ होता. बर्फातल्या पोस्टवर स्टोव्हभोवती बसलो की बबन त्याचीच बढाई मारायचा. आमचा डोंगर असा, आमचा डोंगर तसा. एकदा मी विचारलं, शिखर केवढं आहे रे? तर म्हणाला, "शिखर न्हाय, उस्ताद. वर गेलं की ज्वारी." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. पण त्याचं खरं होतं. बालाघाट खालून डोंगर दिसतो आणि वर गेलं की सपाट माळ. चढून गेलेल्या माणसाला कुठं पोचलो तेच कळत नाही.

नऊ दहाला चढ सुरू केला. पळस, धावडा, पायाखाली सुटे दगड. मोर ओरडत होते. शंभर पावलं झाली की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात, ही पायदळाची रीत. लोक फिरायला जातात, मी पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, गेल्यासारखा गेलो. अकरा पाचला माथ्यावर पोचलो तेव्हा उजव्या खिशात सव्वीस खडे होते. समोर खरोखरच ज्वारी उभी होती. मी एकटाच हसलो आणि लगेच फार वाईट वाटलं.

एका काळ्या, रुंद दगडावर बसून भाकरी खाल्ली. आणि जे टाळायला वर आलो होतो, तेच आठवत बसलो.

त्या दिवशी आम्ही सहाजण होतो. पेट्रोल कमांडर मी, पुढं वाट बघणारा स्काऊट बबन. एक वाजून चाळीस मिनिटांनी बर्फाचं धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. मी कंपास काढून रीडिंग घेतलं. दोनशे दहा अंश.

बबन मागं वळला. "उस्ताद, उतार मला डावीकडं लागतोय. डावीकडनं जाऊ."

"लागतोय नको. कंपासच्या बेअरिंगवर चल."

"जी, उस्ताद."

दोन वाजून बारा मिनिटांनी त्याच्या पायाखालचा बर्फ तुटला. कड्याच्या पुढं हवेत साचलेला तो बर्फाचा छज्जा होता. वरून तो जमिनीसारखाच दिसतो.

मी वायरलेस सेटवर पोस्टला कळवलं. "टायगर, मैं दो-एक. एक आदमी नीचे गया है. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"बबन. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला तो सापडला. त्याला घेऊन येडशीपर्यंत मीच आलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, झाली. दोष हवामानाचा ठरला. मी बबनचं बोलणं तिथं सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. कंपास वापरताना रायफल दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि चार पावलं बाजूला जायचं, हे आम्ही रिक्रूटांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. लोखंड जवळ असलं की सुई फिरते. त्या दिवशी मी रायफल मागच्या जवानाला दिली होती का? दिल्याचं मला आठवतं. त्याचा ओला हातमोजासुद्धा आठवतो. आणि रायफल माझ्याच छातीवर लटकत होती, पट्टा मानेला काचत होता, हेही तितकंच आठवतं. दोन्ही कसं खरं असेल? मी त्या जवानाला नंतर फोन करून विचारलं. तो म्हणाला, "याद नहीं, उस्ताद." मला वाचवायला म्हणाला की खरंच विसरला, तेही कळलं नाही.

बारा वीसला उठलो. वस्तीकडं उतरायचं म्हणून कंपास त्याच दगडावर ठेवला, रीडिंग घेतलं, त्या रेषेत एक पळस धरला आणि चालू लागलो. जाताना काही तरी चुकल्यासारखं वाटत होतं. सावली भलत्याच बाजूला पडत होती. पण कंपास सांगतो म्हणजे खरं, म्हणून चाललो. भर दुपारी, लख्ख उन्हात, डोक्यावर सूर्य असताना मी सूर्याचं ऐकलं नाही. असला गाढवपणा फौजीच करू जाणे.

"म्हादूऽऽ! तिकडं कुठं निगालास? फुडं कडा हाय!"

माय होती. दोनशे पावलांवर, हातात काठी, भोवती शेळ्या. मी खाली बघितलं. गवत आणखी आठ-दहा पावलं होतं, मग काहीच नव्हतं.

मी तिच्यापर्यंत गेलो. कंपास उघडून पाहिला. सुई सरळ उत्तरेला. त्या काळ्या दगडापाशी परत गेलो, कंपास त्यावर ठेवला. सुई गरकन वळली. उचलला, सरळ झाली. पुन्हा ठेवला, पुन्हा वळली. दगडातच लोखंडाचा गुण होता. मग बर्फातल्या त्या डोंगरातही तसा दगड होता का? रायफल होती की दगड होता की नुसता मी होतो? मी खाली बसलो.

माय येऊन शेजारी टेकली. "काय झालं रं?"

मग मी सांगितलं. सगळं. रायफलीचं, न आठवण्याचं, सुईचं. तिला सुईत रस नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "त्यानं तुला डावीकडं म्हून सांगितलं व्हतं?"

"व्हय, माय."

"अन् डावीकडं वाट व्हती?"

"होती. उरलेले आम्ही डावीकडनंच उतरलो."

शेळ्या लांब गेल्या तरी तिनं हाळी दिली नाही.

"अकरा वर्सं," ती म्हणाली. "अकरा वर्सं गावातली लोकं म्हणत्यात, शेळ्या राखणाराचं पोर अन् कड्यावरनं पडलं. डोंगरात वाट चुकलं. त्याच्या बापानं ते ऐकत ऐकत डोळं मिटलं. माझं लेकरू चुकलं नव्हतं?"

"नाही, माय."

"मग तू त्याचं ऐकलं का न्हाईस?"

आता सांगायला हवामानही नव्हतं. मी मान खाली घातली आणि रडलो. तिनं मला हात लावला नाही, आणि ते बरोबरच केलं.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या मागनं चल."

शेळ्या वळवून ती पुढं झाली, मी मागं. पाऊण तासात तिनं मला खाली आणलं. वस्ती मागं टाकून ती तशीच गावात निघाली. मारुतीच्या पारावर दहा-बारा म्हातारी माणसं सुपारी कातरत बसली होती. ती बायामाणसांनी थांबायची जागा नव्हती. माय थांबली.

"ह्यो म्हादू. बबनचा हवालदार," ती म्हणाली. "त्याला बोलायचं हाय."

वेळ दोन वाजून तीस मिनिटं. मी पिट्टू खाली ठेवला आणि सावधान उभा राहिलो.

"नायक बबन वाट चुकला नव्हता. त्यानं वाट बरोबर सांगितली होती. मी ऐकलं नाही. त्यानं हुकूम मानला आणि त्यात तो गेला."

अडकित्ते थांबले. मला वाटलं, संपलं. मी पिट्टूला हात घातला.

"म्हादू," माय मागून म्हणाली, "कडंच्या लोकास्नी ऐकू गेलं न्हाय. पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सावधान झालो आणि परेड ग्राउंडवरच्या आवाजात सांगितलं.