घोंगडीखालचा कॅल्क्युलेटर

माझ्या सासरवाडीत सर्वांत हुशार जावई कोण, हे एका घोंगडीखाली ठरलं, आणि त्या घोंगडीखाली मी होतो.

खिशात मावणारे कॅल्क्युलेटर तेव्हा आमच्या भागात नुकते दिसू लागले होते. मी चिखलीला गणिताचा मास्तर. मुंबईच्या मावसभावाकडून मी एक मागवला. स्वस्तातला, पण काय त्याचा वेग! बटण दाबायचा अवकाश, लालभडक आकडे हजर! खोड एकच. चार पेन्सिल सेल तो दोन दिवसांत फस्त करायचा. (घरातल्या छोट्या टॉर्चचे सेल कधीच त्याच्या पोटात गेले होते.)

माझे साडू खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्यांनीही एक स्वस्तातलाच घेतला होता. करड्या काचेवर काळे आकडे, आणि उत्तर देण्याआधी थोडा विचारात पडायचा. पण शर्टाच्या बटणाएवढ्या दोन सेलवर तो दिवाळीपासून चालू होता!

सर्वांत धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं आणि आम्ही दोघंही आपापलं यंत्र घेऊन उंद्रीला पोचलो.

"तुमचं मशीन लय खाते हो, मास्तर," साडू म्हणाले. "बैल असता त इकून टाकला असता."

"आन् तुमचं रवंथ करते!" मी म्हणालो.

सासरे, म्हणजे आमचे मामा, खाटेवर पडून ऐकत होते. ते उठून बसले. "भांडता काऊन? लग्नाच्या सामानाचा हिशेब दोघंबी करा. ज्याचा पह्यले अन् बराबर, कोठीची किल्ली त्याच्याजोळ!"

कोठी म्हणजे लग्नाचं सामान ठेवायची खोली. तिची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला विचारल्याशिवाय आचारी मिठालाही हात लावत नाही. केवढा मान! बायकोने मला चुलीजवळ गाठून बजावलं, "मधलीपुढं माही मान खाली जाऊ देऊ नका, सांगून ठेवते!" मधली म्हणजे साडूंची बायको.

मी दोन दिवस असा कसून सराव केला की ऐन शर्यतीच्या सकाळी आकडे मिणमिणू लागले. उंद्रीच्या दुकानात सेल नव्हते, कारण होते तेवढे मीच आणून संपवले होते. मग सगळे करतात तेच केलं. सासूबाईंनी अंगणातल्या खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्या शेजारी चारही सेल उन्हात मांडले.

"जवाई," तासाभराने सासूबाई म्हणाल्या, "तुमचे सेल वायले का पाहा. माह्या कुरुड्या उचलाच्या हायत."

भर दुपारी अंगणात शर्यत सुरू झाली. अर्धं गाव जमलं. रामभाऊ आचारी शंभर पानांमागचं प्रमाण सांगणार आणि आम्ही पावणेचौदाशे पानांचा हिशेब करणार. मी बटण दाबलं. वैशाखाच्या त्या उन्हात लाल आकडे दिसेचनात!

"घोंगडी आना!" मी ओरडलो.

घोंगडी आली. मी डोक्यावरून ओढून घेतली. आत भट्टी होती, पण आकडे दिसले!

"कणीक, अठरा किलो!" रामभाऊ म्हणाले.

"दोनशे साडेसत्तेचाळीस!" मी आतून गरजलो.

"तूरडाय, सहा!"

"साडेब्याऐंशी!"

बाहेर टाळ्या पडत होत्या. आपलं यंत्र ऊन सहन करतं हे दाखवायला साडूंनी ते तापलेल्या फरशीवर ठेवलं होतं. तेवढ्यात ते किंचाळले, "अरे देवा! कायंच झालं सारं!" त्या करड्या काचेला एवढं ऊन लागलं की ती तव्यासारखी काळी पडली होती. आकडा म्हणून दिसेना!

आता मैदानात मी एकटा.

"हयद, दीडशे ग्राम!" रामभाऊ म्हणाले, आणि घोंगडीखाली अंधार झाला. सेल मेले. खरं सांगतो, मास्तर असून घामाने आणि अभिमानाने मला पाढासुद्धा आठवेना. जिंकता जिंकता हरणार? मी दिली ठोकून, "अकरा किलो!"

"अकरा किलो हयद?" रामभाऊ म्हणाले. "मंग त सारी वरातच हयद लावून निंघन!"

"मशीन खोटं बोलते का?" मी आतूनच दरडावलं.

मामा हसले आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. बायको गावभर सांगत सुटली, "किल्ली यायच्याजोळ हाय, बरं!" माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं एक बटण तुटलं.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी ऐटीत कोठी उघडली. आत छतापर्यंत पोती! कणीक, डाळ, तेल, सगळं जागच्या जागी. हळद मोजून दोन किलो.

"मामा, हा माल कवा आला?"

"गेल्या बाजारी. रामभाऊनं तोंडीच सांगलं व्हतं."

"मंग आमची शर्यत काऊन लावली?"

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जवाई, दिवसभर कोठीत कोंडून बसाले कोनीच राजी नव्हतं. सांगून कोन बसते? जिकला म्हंजे मानूस खुशीनं बसते!"

मी बसलो. साडू मांडवात अत्तर लावून फिरले, पहिल्या पंगतीला जेवले. मी रामभाऊंना तेल मोजून देत राहिलो. त्या घरात पुढे आणखी पाच लग्नं झाली. पाचही वेळा किल्ली माझ्याकडेच होती, हे मी आजही अभिमानाने सांगतो. त्यातल्या एकाही नवरदेवाचं तोंड मात्र मी मांडवात पाहिलेलं नाही!