न गंजलेली गोळी

ती घटना आठवली की आजही माझी मान थोडी ताठ होते, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीत बक्षिसे मिळाली, बदल्याही मिळाल्या. पण चांदा जिल्ह्याच्या जंगलातल्या एका ठाण्यावर केलेला तो तपास माझा आहे, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकतो. माणसांची नावे घेणार नाही. त्यांची नातवंडे आज तिथेच नांदत असतील.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तरुण फौजदार होतो. त्या भागात पेरणीच्या आधी गावोगाव पारद निघे. पारद म्हणजे सगळ्या गावाने मिळून केलेली शिकार. अर्धे लोक जनावर उठवायला हाका घालत, बंदूकवाले त्याच्या वाटेवर नाके धरून बसत. पिकाच्या राखणीसाठी काहींकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका होत्या. शिकार पडली की कोणाच्या बाराने पडली यावर भांडण नको, म्हणून त्यांचा एक रिवाज होता. प्रत्येकाने आपापली ठरलेली गोळी भरायची. कोणी शिसे, कोणी सळईचे तुकडे, कोणी सायकलच्या चाकातल्या पोलादी गोळ्या. जनावर कापताना गोळी निघाली की मालक कळे आणि पहिला वाटा त्याचा. या बाबतीत खोटे बोलणारा माणूस त्या गावात जन्मला नव्हता.

त्या वर्षी पारदीत जनावराऐवजी हाका घालणारा एक तरुण पडला. डॉक्टरांनी प्रेतातून वाटाण्याएवढी चकचकीत पोलादी गोळी काढली आणि काचेच्या बाटलीत सील करून दिली. गावात सायकलच्या गोळ्या भरणारा एकच होता, मृताचा सख्खा भाऊजी. साळा-भाऊजींचे जीवाला जीव देण्याइतके सख्य होते.

त्याला ठाण्यात आणले. मला एक प्रश्नही विचारावा लागला नाही.

"गोळी माही होय सायेब. माह्या गोळीनं गेला, तं मीच मारलो."

"तू त्याला पाहिलंस का? बार कुठे टाकलास?"

"रानडुकरावर टाकलो. पन गोळी खोटी बोलत नाई. मले काय करायचं ते करा."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, पण हा गडी मॅजिस्ट्रेटसमोरही हेच सांगायला तयार होता. वरिष्ठांना मृत्यूमागे काही जुने वैर असावे असे वाटत होते, म्हणजे प्रकरण थेट खुनाकडे चालले होते. "कबुली आहे, बंदूक आहे, गोळी आहे. आणखी काय मुहूर्त पाहिजे? चार्जशीट पाठवा," असा निरोप आला. मी रासायनिक तपासणीच्या अहवालाची सबब सांगून थांबलो. ज्या माणसाला आपला बार डुकरावर गेल्याचे स्पष्ट आठवते, त्याच्याच हातून हाका घालणारा माणूस कसा पडेल, हे मला पटत नव्हते.

पावसाळा लागला. भाताच्या भर रोवणीत आरोपीची बायको चिखलाच्या पायांनी ठाण्यात आली. मेलेला तिचा भाऊ, तुरुंगातला तिचा नवरा. मी तिला बसायला सांगितले, ती बसली नाही.

"सायेब, गोळी पायची होती."

नियमात बसत नव्हते, पण बाटली काचेची होती, सील मोडायचे नव्हते. मी मोहरीराला, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाला, मालखान्यातून मुद्देमाल आणायला लावला. बाटलीतली गोळी तिने बराच वेळ पाहिली.

"हे आमची नाई."

"कशावरून म्हणतेस, बाई?"

"यायच्या गोळ्या मी टोरीच्या तेलात बुडवून ठेवतो. पानी लागलं का दोन रोजात जंगतेत. हे काऊन नाई जंगली?"

टोरीचे तेल म्हणजे मोहाच्या बियांचे तेल, आणि जंगणे म्हणजे गंजणे. मी शेजारचे पुडके उचलले. आरोपीच्या बटव्यातल्या गोळ्या पंचांसमोर पुसून त्यात कापडात बांधल्या होत्या. कापडावर आतून तपकिरी डाग फुटले होते. त्याच मालखान्यात, ओलीच बाटलीत बंद झालेली गोळी मात्र आरशासारखी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आम्ही निघालो होतो.

रीतसर परवानगी काढून दोन्ही मुद्देमाल घेऊन मी एका मोठ्या कारखान्याच्या इंजिनिअरकडे गेलो. त्यांनी टेबलावरचा लोहचुंबक जवळ नेला. गंजलेल्या गोळ्या टपाटप चिकटल्या, चकचकीत गोळी ढिम्म हलली नाही. मग त्यांनी समजावले. सायकलची गोळी फार कडक असते, चाकाचा भार तिच्यावर फिरतो, पण तिला वंगण हवे. ही दुसरी स्टेनलेस स्टीलची, क्रोमियम आणि निकेल मिसळलेली. त्या मानाने नरम, भाराच्या कामाची नाही; पण पाणी, आम्ल, खार तिला सहज खात नाहीत. म्हणून जिथे रसायने वाहतात त्या पंपाच्या झडपेत ती बसवतात. द्रव पुढे जाताना गोळी उचलली जाते, मागे फिरला की भोकावर बसून वाट बंद करते.

"बाजारात मिळते?"

"छे! परदेशातून येते, थेट आमच्या स्टोअरमध्ये."

त्या पारदीत पाहुणा म्हणून लाकडाच्या ठेकेदाराचा मेहुणा आला होता. त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला. ठेकेदाराची बंदूक त्याच्या हाती होती, पण आपण बारच टाकला नाही असे त्याने जबाबात लिहून दिले होते. मी त्याला साक्षीदार म्हणून बोलावले, चहा पाजला आणि बाटली पुढे ठेवली.

"ही सायकलची गोळी किती घातकी असते बघा!"

शहाण्या माणसाला अडाण्याची चूक सुधारल्याशिवाय राहवत नाही. तो हसला. "सायकलची नाई सायेब हे. सायकलची असती तं केव्हाच जंगली असती. हे तं आमच्या झडपे..."

वाक्य तिथेच तुटले. त्याच दिवशी ठेकेदाराच्या घराची झडती घेतली. बंदुकीच्या पिशवीत तशाच गोळ्या सापडल्या. झुडूप हलले म्हणून या मेहुण्याने बार टाकला होता, माणूस पडलेला पाहून गप्प राहिला होता. गावाचा रिवाज त्याला ठाऊक होता. दुसऱ्याच्या खऱ्या बोलण्याआड तो सुखाने लपला होता. पुढे त्याला शिक्षा झाली.

आरोपी खोटे बोलतो, हे पोलिसाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. सरळ माणूस अगदी खरेपणाने चुकीची कबुली देतो, हे मला या प्रकरणाने शिकवले. त्यानंतर कबुली मिळाली की मी तपास संपवला नाही, तिथून सुरू केला.

पुढच्या वर्षी पारद झाली. दुसऱ्या दिवशी ते नवरा-बायको ठाण्याच्या ओट्यावर उभे. पळसाच्या पानात सांबराचा वाटा होता. मी म्हणालो, "अरे, मी कुठे बार टाकला?"

नवऱ्याने पळसाची पाने माझ्यापुढे धरली. ती म्हणाली, "ज्याची गोळी, त्याचा वाटा. आमची गोळी कोनती ते तुम्ही कोर्टात सांगितलं, म्हनून हे सुटले. पह्यला वाटा तुमचाच होय, भाऊ."

भेट घेऊ नये असा नियम आहे, मला तो पाठ होता. तिचा एक भाऊ त्या रानात गेला होता, हेही मला माहीत होते. मी दोन्ही हात पुढे केले.